नकाशातली बेडरूम आणि घरातली माणसं

सोसायटीच्या पुनर्विकासाची सभा असो, नाहीतर झोपु (झोपडपट्टी पुनर्वसन) योजनेतल्या रहिवाशांची, पहिला प्रश्न ठरलेला: "कार्पेट किती?", म्हणजे घराच्या आतली वापरायची जागा किती. दुसरा: "वन बीएचके देणार की टू?" मग कॉर्पस म्हणजे बिल्डरकडून मिळणारा निधी, भाडं, पार्किंग, लिफ्ट किती, टाइल्स कुठल्या. बिल्डरचा माणूस पडद्यावर नकाशा दाखवतो. हॉलमध्ये एल आकाराचा सोफा, समोर टीव्ही, बेडरूममध्ये डबल बेड आणि त्यावर दोन उशा. सगळे माना डोलावतात. समोर बसलेल्या बहुतेकांच्या घरी पाच-सहा माणसं आहेत आणि नकाशात उशा दोनच काढल्यात, हे काही कुणी बोलून दाखवत नाही.

या शहरात सरकार घर वाटतं ते चौरस फुटांवर आणि बिल्डर विकतो ते खोल्यांच्या नावांवर. राहणारा मात्र तिसऱ्याच हिशेबाने राहतो. एकाच वेळी घरात कोण झोपलंय, कोण अभ्यास करतंय, कोण आजारी आहे, कुणाकडे पाहुणे आलेत आणि ही सगळी कामं एकमेकांच्या पायात न येता होतात का, हा तो हिशेब. पुनर्वसनाची घरं याच हिशेबाने तपासली पाहिजेत असं माझं म्हणणं आहे. त्यासाठी खोली नावाच्या वस्तूकडे जरा मागे जाऊन पाहावं लागेल.

झोपायला वेगळी, जेवायला वेगळी, बसायला वेगळी ही खोल्यांची वाटणी जगातच फार जुनी नाही. युरोपातल्या भल्या भल्या घरांत सतराव्या शतकापर्यंत एका खोलीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत असंच जावं लागे. मधे चालण्यापुरता बोळ काढून प्रत्येक खोलीला त्यातून स्वतंत्र दार द्यायचं, ही युक्ती इंग्लंडमध्ये १६५० च्या सुमाराच्या कोल्सहिल हाउससारख्या घरांत नीट दिसायला लागते. त्यामागे मालकाच्या एकांताइतकीच नोकरांची ये-जा नजरेआड करायची सोय होती. फ्रान्सचा चौदावा लुई सकाळी पलंगावरून उठायचा तेव्हा दरबारी मंडळी खोलीत हजर असत. त्याचं उठणं हाच सोहळा होता. म्हणजे राजाची बेडरूम ही त्याची कचेरी होती.

आपल्याकडच्या वाड्यात खोल्या कामावरून कमी आणि माणसांवरून जास्त पडलेल्या होत्या. ओसरीवर पुरुष आणि आलागेला, माजघरात बायका, वरच्या दिवाणखान्यात बायकांचं काम नाही. देवघर आणि स्वयंपाकघर सोवळ्यात. कोठीच्या खोलीची किल्ली सासूच्या कमरेला. बाळंतिणीची खोली घरातली सगळ्यात अंधारी, वारा लागू नये म्हणून. सव्वा महिना ती तिची, एरवी तिथे अडगळ. झोपण्याची म्हणून वेगळी खोली बहुतेकांना नव्हतीच. रात्री अंथरुणं पसरायची, पहाटे वळकट्या करून रचायच्या. वाड्याच्या आठवणीने ज्यांचा गळा दाटून येतो त्यांनी हा नकाशा एकदा सुनेच्या पायांनी फिरून बघावा. महिन्यातले चार दिवस ती कुठे बसत होती ते बघावं. आणि गावातल्या कुठल्या माणसांना ओसरीची पायरीसुद्धा चढता येत नव्हती, तेही.

मुंबईच्या दहा बाय बाराने हा सगळा मांड मोडला. १९११ च्या जनगणनेच्या वेळी शहरातले सुमारे ७० टक्के लोक एका खोलीच्या बिऱ्हाडात राहत होते. एका खोलीत ओसरी कुठे आणि माजघर कुठे ठेवणार? सोवळं पाळायचं तर कुठल्या कोपऱ्यात? जागाच नाही म्हटल्यावर बरेच नियम आपोआप सैल झाले. त्याचं श्रेय सुधारकांइतकंच जागेच्या टंचाईलाही द्यावं लागेल. पूर्वी भिंत जी वाटणी करायची ती आता घड्याळ करू लागलं.

पहाटे नळ यायचा, तेव्हा खोली म्हणजे पाणी भरण्याची जागा. मग डबे, मग मुलांच्या वेण्या. दुपारी तीच खोली बायकांच्या निवडण-टिपणाची, शिलाई मशीनची, पापड लाटण्याची. रात्री खाटेवर आजोबा, खाटेखाली दोन मुलं, पोटमाळ्यावर धाकटा काका, दाराबाहेर पॅसेजमध्ये थोरला. नवं लग्न झालं की बाकीची मंडळी न सांगता बाहेर झोपायला जात. यात मोरी ही सगळ्यात हरहुन्नरी जागा. चार बाय तीन, वीतभर उंचीचा कठडा. सकाळी पुरुषांच्या आंघोळी, मग पडदा ओढून बायकांच्या, मग धुणं, मग भांडी. पावसाळ्यात तिथेच छत्र्या निथळायच्या, रात्री तिथेच पोरं उठून बसायची. कोनाड्यात मिसरीची डबी आणि साबणाची चिपटी वडी. नकाशावर या मोरीचं नाव लिहायचं तर काय लिहिणार?

एकट्या पुरुषांचं गणित तर याहून पुढचं. कोकणातल्या गावांनी गिरणगावात आपापल्या गावकीच्या खोल्या घेतल्या होत्या. एकेका खोलीत गावचे पाच-पंचवीस गडी, प्रत्येकाची एक ट्रंक, एक दोरी कपडे टाकायला आणि जेवण खाणावळीत. गोव्याच्या खलाशांनी धोबीतलावाच्या आसपास आपले कूड, म्हणजे एकत्र राहायच्या जागा, उभे केले, तेही गावाच्याच नावाने. दिवसपाळीचा गडी भोंग्याला उठून गेला की रात्रपाळीचा येऊन त्याच जागी आडवा व्हायचा. अंथरूण पाहून पाय पसरावे म्हणतात. इथे अंथरूण मोकळं कधी होतंय ते पाहून पसरावे लागत.

हे सगळं गोड होतं असं मी मुळीच म्हणत नाही. संडासाच्या रांगेत पहाटे टमरेल घेऊन उभी राहिलेली बाई चाळीतल्या एकोप्याची गाणी गात नव्हती. मला सांगायचंय ते एवढंच की एका खोलीत पाच कामं निभायची, कारण सहाव्या कामासाठी खोलीबाहेर जागा होती. गिरगावातल्या चाळींत ती समोरच्या उघड्या गॅलरीत होती, इतरत्र जिन्यात, गच्चीवर, चौकात. हिशेबात न धरलेली ही जागा खोलीइतकीच घराचा भाग होती. तिच्यासकट मोजलं तर दहा बाय बाराचं घर तेवढंच नव्हतं.

बाबासाहेब आंबेडकरांचं उदाहरण याच अर्थाने मला महत्त्वाचं वाटतं. विद्यार्थिदशेत परळच्या डबक चाळीत अख्खं कुटुंब एका खोलीत. मुलाने लवकर झोपायचं, वडील रामजी जागे राहणार. रात्री दोनच्या सुमाराला ते मुलाला अभ्यासाला उठवणार आणि मग स्वतः आडवे होणार. झोपायची जागा बापलेकांनी वेळ वाटून वापरली. पुढे १९१२ पासून परळच्या बीआयटी चाळीत, म्हणजे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने बांधलेल्या चाळीत, त्यांचं वास्तव्य होतं, तिथे ५० आणि ५१ क्रमांकाच्या दोन खोल्या. एकीत संसार, दुसरीत पुस्तकं, लेखन आणि भेटायला येणारी माणसं. आणि १९३० च्या दशकात दादरच्या हिंदू कॉलनीत त्यांनी राजगृह बांधलं ते ग्रंथांसाठी म्हणूनच. एका माणसाच्या आयुष्यात अभ्यासाची जागा आधी रात्रीच्या काही तासांची, मग एका खोलीची आणि शेवटी एका वास्तूची झाली.

पण अशी मजल किती जणांची? मुंबईतल्या छोट्या घरांना ज्या कामासाठी खोली कधीच मिळाली नाही, ते काम म्हणजे अभ्यास. वरळीत पोदार रुग्णालयाजवळचा एक शांत रस्ता अभ्यास गल्ली म्हणूनच ओळखला जातो. आसपासच्या चाळींतली आणि वसाहतींतली मुलं पिढ्यान्‌पिढ्या तिथे फुटपाथवर, दिव्याखाली बसून परीक्षा पास झाली. पालिकेने पुढे ती सुशोभित केली, बाकडी-दिवे दिले. चांगलंच केलं. तरी मला दर वेळी वाटतं, ज्या शहराला आपल्या मुलांच्या अभ्यासासाठी आख्खी गल्ली द्यावी लागते, त्याने घरांचे नकाशे पुन्हा एकदा तपासायला नकोत का?

हवा-उजेडाचा प्रश्न आला की मुंबईला प्लेगची आठवण करून द्यावी लागते. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी पहिले रुग्ण ओळखले. शहर रिकामं झालं, आणि १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. ट्रस्टने दाट वस्त्या पाडल्या, सँडहर्स्ट रोड आणि प्रिन्सेस स्ट्रीटसारखे रुंद रस्ते काढले, बीआयटी चाळी बांधल्या, दादर-माटुंग्याच्या कॉलन्या आखल्या. पाडापाडीत जितके बेघर झाले तितक्यांना घरं काही मिळाली नाहीत, हा दोष आजच्या योजनांनाही चिकटलेला आहे. पण ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी एक गोष्ट हट्टाने लावून धरली होती: साडेत्रेसष्ट अंशांचा नियम. सोप्या हिशेबात, इमारत जितकी उंच त्याच्या निम्मं अंतर समोर मोकळं हवं, म्हणजे तळमजल्याच्या खोलीतही आभाळाचा तुकडा दिसतो. प्लेग उंदरांच्या पिसवांनी पसरतो. अंधाऱ्या खोलीने नव्हे. तेव्हाच्या लोकांचं निदान अर्धवट होतं. क्षयासाठी मात्र तो नियम अगदी चपखल होता.

आणि क्षयानेच तो पुढे तपासला. झोपु योजना आणि प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनातून मानखुर्द-गोवंडीत सात-आठ मजली इमारतींच्या ओळीच्या ओळी उभ्या राहिल्या, घरं २२५ चौरस फुटांची. लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड आणि पीएमजीपी कॉलनी या वसाहतींचा डॉक्टर्स फॉर यू या संस्थेने आयआयटी मुंबईच्या मदतीने अभ्यास केला. तो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला आणि खेळती हवा व सूर्यप्रकाश यांच्या अभावाचा क्षयाशी असलेला संबंध त्याने समोर आणला. काही इमारतींमध्ये अंतर होतं जेमतेम तीन मीटर. आता ऑरचा हिशेब लावा: वीस-बावीस मीटर उंचीला दहा-अकरा मीटर अंतर हवं. गोऱ्या साहेबाच्या ट्रस्टने शंभर वर्षांपूर्वी गरिबाला जेवढं आभाळ देऊ केलं, त्याच्या तिसऱ्या हिश्श्यावर आपण स्वतंत्र भारतात आलो. तेही कायदा मोडून नव्हे. पुनर्वसन परवडावं म्हणून मोकळ्या जागेच्या नियमांत रीतसर सवलती दिल्या गेल्या.

या इमारतींत घरात संडास आहे, नळ आहे, ओटा आहे. खोलीबाहेर आहे तो दोन्ही बाजूंना दारं असलेला पॅसेज, ज्यात भरदुपारी ट्यूबलाइट लागते आणि बिल थकलं की तीही लागत नाही. तिथे कुणी गहू पाखडायला बसत नाही. सहाव्या कामाला जागा उरली नाही ती अशी.

अशाच एका वसाहतीत ओळखीच्या एका मावशींकडे मी गेले होते. घर पुनर्वसनातलं, मूळची एकच मोठी खोली. मुलाच्या लग्नाच्या वेळी प्लायवूड घालून तिची 'वन बीएचके' केलेली. बेडरूममध्ये पलंग, त्याच्याखाली बॅगा, वर बॅगा, खिडकीशी कपाट. खिडकी त्यामुळे कायमची बंद. मुलगा रात्रपाळी करून आलेला, तो आत झोपलेला. सून बाळाला घेऊन ओट्याशी उभी. नात हॉलमध्ये जमिनीवर वही पसरून गणितं करतेय आणि पाहुणी म्हणून मी तिथेच खुर्चीवर, पाय तिच्या वहीपासून वीतभर लांब. "आवाज हळू हां, तो उठेल," मावशी प्लायवूडकडे बघत मला म्हणाल्या. मग हसल्या. "पूर्वी झोपडीत होतो तेव्हा पाहुणा आला की बाहेर बाजलं टाकायचो. आता बाहेर काढायला बाहेरच नाही."

खोलीची अधिकृत मापं काय सांगतात ते पाहू. जनगणनेच्या व्याख्येत राहण्याची खोली म्हणजे माणूस झोपू शकेल इतकी लांब-रुंद: किमान दोन मीटर बाय दीड मीटर, उंची दोन मीटर. त्यापुढे तिला काही विचारायचं नाही. राष्ट्रीय इमारत संहिता जरा उदार आहे. दोन खोल्यांचं घर असेल तर एक किमान साडेनऊ चौरस मीटर, दुसरी साडेसात, स्वयंपाकघर पाच. त्यात न्हाणी आणि संडास धरले की बेरीज साधारण २६८ चौरस फूट होते. झोपु घराचं माप आधी २२५, मग २६९ आणि आता ३०० चौरस फूट आहे. म्हणजे तीनशेच्या घरात भिंती घालून वन बीएचके पाडला की प्रत्येक खोली किमान मापावर येऊन टेकते आणि उरलेल्या तीसेक फुटांत भिंतींची जाडी आणि दारं उघडायची जागा. साडेसात चौरस मीटरची बेडरूम म्हणजे ८१ चौरस फूट. सहा बाय सव्वासहाचा डबल बेड त्यातले ३७ खातो. उरलेल्या जागेत कपाट ठेवलं की बेडरूममध्ये झोपण्याखेरीज काही करता येत नाही, आणि झोपू शकतात फक्त दोघं. वर रेरा या घरखरेदीच्या कायद्यातल्या व्याख्येनुसार आतल्या भिंतींची जागाही कार्पेटमध्येच मोजली जाते. भिंत वाढली तरी कार्पेट कमी होत नाही, म्हणून कागदावर कुणाचंच नुकसान दिसत नाही.

स्वयंपाकघराची गोष्ट याच जातीची. १९२६ साली जर्मनीत मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की या वास्तुविशारद बाईंनी फ्रँकफर्ट किचन आखलं: घड्याळ लावून बाईची पावलं मोजली, सगळं हाताशी आणलं, कामगारांच्या जवळपास १०,००० घरांत ते बसवलं. कष्ट वाचले. पण ते एकाच माणसाच्या मापाचं होतं. बाकी घर दाराबाहेर गेलं. मुंबईत १९५५ मध्ये बर्शेनचा सिलिंडरचा गॅस आला, शेगडी जमिनीवरून ओट्यावर चढली, बाई उकिडवी बसायची ती उभी राहिली. गुडघे वाचले, धूर गेला, मोठीच सुधारणा. मात्र पूर्वी चुलीभोवती बसून नवरा लसूण सोलायचा, पोरगी पाढे म्हणायची. पन्नास फुटांच्या किचनमध्ये दुसरं माणूस शिरलं की पहिलं म्हणतं, "बाहेर व्हा हो जरा, लुडबुड नका करू." नवऱ्यांना तेवढं निमित्त पुरतं.

मध्यमवर्गाने सहावं काम बाल्कनीत नेलं होतं. तिचं काय झालं तेही चटईक्षेत्राच्या हिशेबातच शोधावं लागतं. १९९१ च्या नियमावलीत ठरावीक प्रमाणात बाल्कनी एफएसआयमधून, म्हणजे भूखंडावर किती बांधता येईल त्या मर्यादेतून, मोकळी होती आणि शुल्क भरून ती बंदिस्तही करता यायची. बिल्डरांनी ती बंद करूनच विकली, गिऱ्हाइकाने तिला हॉल म्हटलं. २०१२ मध्ये फंजिबल एफएसआय, म्हणजे हवा तसा वापरता येणारा जादा एफएसआय, आला आणि बाल्कन्या, फुलबागेचे कठडे वगैरे सगळं मोजणीत धरलं गेलं. चोरवाटा बंद झाल्या, हे उत्तमच. पण मोजली जाणारच असेल तर बाल्कनी कशाला, खोलीच मोठी दाखवू, असं म्हणून तिने नकाशातूनच काढता पाय घेतला. आठ वर्षांनी टाळेबंदी आली तेव्हा एका खोलीत शाळा, दुसरीत ऑफिस, आणि तापाचा माणूस ठेवायला तिसरी नाही, अशी पाळी चांगल्या टू बीएचकेवाल्यांवरही आली. तेव्हा काही दिवस सगळे बाल्कनीबद्दल बोलत होते. मग विसरले.

यावर मला हमखास ऐकवलं जातं, तेही ज्यांच्याबद्दल मी बोलते त्यांच्याकडूनच: "आम्हाला जन्मात पहिल्यांदा बेडरूम मिळतेय, तर तुम्हाला चाळीचा पुळका आला!" हा टोला बरोबर बसतो. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथल्या बीडीडीच्या, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधलेल्या, २०७ चाळींत १६० चौरस फुटांत चार-चार पिढ्या गेल्या. तिथे तर गिरगावासारखी उघडी गॅलरीही नाही. मधून लांब पॅसेज आणि दोन्ही बाजूंना खोल्या. अशा ठिकाणी लग्न झालेल्या जोडप्याने आयुष्य कुजबुजत काढलं. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीत पहिल्या कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या, तेव्हा ज्यांनी डोळे पुसले त्यांना चाळसंस्कृतीवर व्याख्यान द्यायला मी जाणार नाही. आतून कडी लावता येणारं दार हा हक्क आहे, बाईचा तर अधिकच. घरातला संडास हा मुंबईच्या शंभर वर्षांतला सगळ्यात मोठा बदल आहे, आणि त्याबाबत वाद नाही.

पण बीडीडीला पाचशे फूट मिळाले ते त्या जमिनीच्या किमतीमुळे. बाकी बहुतेक झोपु घरं तीनशेवर आहेत आणि लाखो घरं अजून त्याच मापात बांधली जायची आहेत. पाचशेला जो नकाशा शोभतो तो तीनशेला घडी घालून बसवता येत नाही. तीनशेच्या घरात एक बंद होणारं दार ठेवावं, ओटा-न्हाणी-संडास एका भिंतीला लावून पक्के करावेत, आणि उरलेली जागा सलग सोडावी. तिथे कपाटाची भिंत करायची की सरकता पडदा, पोटमाळा घालायचा की नाही, हे घरच्यांनी ठरवावं. मुलं लहान असताना एक वाटणी, सून आल्यावर दुसरी, आजी अंथरुणाला खिळल्यावर तिसरी. त्यासाठी मजल्याची उंची थोडी वाढवावी लागेल, ती वाढवावी. पॅसेज एका बाजूने उघडा असावा आणि दोन खुर्च्या टाकूनही माणूस जाईल इतका रुंद. आणि दोन इमारतींमधल्या अंतरात कुठलीही सवलत कुणालाही मिळू नये, पैसे भरूनसुद्धा नाही.

खर्च वाढेल, विक्रीच्या इमारतीला जागा कमी पडेल, योजना 'व्यवहार्य' राहणार नाही, हे उत्तर तयार असतं. क्षयाच्या औषधांचा, बुडालेल्या रोजंदारीचा आणि नापास झालेल्या पोराचा खर्च या व्यवहार्यतेत कुणी धरत नाही, कारण तो बिल्डरच्या वहीत पडत नाही. झोपु योजनेच्या नियमांत दर शंभर झोपडीधारकांमागे बालवाडी, सोसायटी कार्यालय आणि कल्याण केंद्राची तरतूद आहेच. मी पाहिलेल्या बऱ्याच ठिकाणी त्यांना कुलूप असतं किंवा आत कुणाचं तरी गोदाम. निदान एक तरी खोली रात्री बारापर्यंत अभ्यासिका म्हणून उघडी ठेवण्याची सक्ती करायला नवा एफएसआय लागत नाही.

आता सगळ्यांचं लक्ष धारावीकडे आहे. पात्र रहिवाशांना ३५० चौरस फुटांचं घर, स्वतंत्र स्वयंपाकघर आणि संडास, असं जाहीर झालं आहे. धारावीत खोली ही नुसती राहण्याची जागा कधीच नव्हती. खाली शिलाईची मशिनं, वर शिडीने चढून जायचा संसार. कुंभारवाड्यात पुढे विक्रीची मडकी, मधे घर, मागे भट्टी. दारात टोपल्या उलट्या घालून त्यावर पापड वाळताहेत, त्याच टोपल्या संध्याकाळी आत आणि त्यांच्या जागी माणसं बाहेर. साडेतीनशे फुटांच्या वन बीएचकेत बाविसाव्या मजल्यावर पापड कुठे वाळवायचा? धंद्यासाठी वेगळे गाळे मिळतील म्हणे. पण घरबसल्या, मुलाला मांडीवर घेऊन, दुपारच्या दोन तासांत काम करणाऱ्या बाईची गिनती गाळेधारकांत होत नाही. तिचा कारखाना म्हणजे तिची खोलीच.

म्हणून माझी मागणी अगदी साधी आहे आणि तिला कायद्याच्या पुस्तकात फार तर एक ओळ लागेल. पुनर्वसनाच्या घराचा कुठलाही नकाशा मंजुरीला आला की त्यासोबत त्याच घराचे आणखी तीन नकाशे जोडावेत: रात्री अकराचा, सकाळी सहाचा आणि दुपारी तीनचा. पाच माणसांचं कुटुंब धरावं, त्यात एक म्हातारं माणूस, एक दहावीचा विद्यार्थी, एक रात्रपाळीवाला. प्रत्येक जण कुठे आहे आणि काय करतोय ते काढून दाखवावं. पलंग काढला तर त्यावर माणसं काढावीत, आणि जी पलंगावर मावत नाहीत ती कुठे झोपली तेही. हे तीन कागद सोसायटीच्या फळ्यावर महिनाभर लावावेत. बिल्डरच्या सभेला कधी न जाणाऱ्या मावशी ते दोन मिनिटांत वाचतील, आणि दहावीच्या पोराला कुठे बसवलंय ते बोट ठेवून विचारतील.